शुक्रवारचा आकडा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत सगळे तिला वहिनी म्हणायचे. नवरा तिथे आधीपासून मेकॅनिक, म्हणून ती सगळ्यांची वहिनी. मोठे साहेब तिच्या वडिलांच्या वयाचे, तेही वहिनीच म्हणायचे. नाव एकदा चिकटलं की चिकटलं.

वहिनीचं काम सांगायला सोपं. सात शाखा होत्या. कुठे लिफ्ट बंद पडली की मेकॅनिक जायचा, दुरुस्त करायचा, इमारतीतल्या कुणाची तरी सही स्लिपवर घ्यायचा. त्या स्लिपा वहिनीकडे यायच्या. ती मोजायची आणि शुक्रवारी दुपारी एक कागद साहेबांच्या टेबलावर ठेवायची. कुठल्या शाखेत तक्रारी किती, कामं झाली किती, बाकी किती. साहेब अख्खा कागद कधी वाचायचे नाहीत. थेट शेवटचा रकाना बघायचे, बाकीचा. माणूस कुठे पाठवायचा, कुठून उचलायचा, सगळं त्या रकान्यावर ठरायचं.

तिचा नियम एकच. स्लिप हातात आली तर काम झालं, नाहीतर नाही. फोनवर कुणी कितीही गळा काढला तरी ती म्हणायची, "भाऊ, तुमच्या शब्दावर सही कुठंय?" अकरा वर्षांत एक स्लिप इकडची तिकडे झाली नव्हती, आणि याचा तिला गर्व होता. असायलाच हवा होता.

अडीच वर्षांपूर्वी सगळ्यात लांबच्या शाखेत कामाचा ढीग साचला. बाकी चाळीसच्या वर गेली. साहेबांनी वहिनीच्या नवऱ्याला बोलावलं. "सहा-आठ महिने जाऊन या. बाकी पाचाच्या आत आणा, तीन महिने तशी ठेवा, की परत." तो गेला. गाडीने पुरता दिवस लागायचा, म्हणजे येऊन-जाऊन राहणं वगैरे काही नाही. वर्षातून दोनदा चार-चार दिवस यायचा, त्यातला एक दिवस घरातले नळ आणि कड्या दुरुस्त करण्यात जायचा.

चाळीसचे वीस झाले. विसाचे अठरा झाले. आणि तो अठरा तिथेच ठाण मांडून बसला. कधी सतरा, कधी एकोणीस. पाच कधीच नाही.

दर रविवारी फोन यायचा. आधी सासूबाई बोलायच्या, मग मुलगी, आणि वहिनीच्या वाट्याला उरलंसुरलं. जेवलात का, खोकला कसा आहे, इतकंच. सासूबाई बाजूलाच बसलेल्या, मग बोलणार तरी काय. अंथरूण घालताना तिचा हात अजून दोन उशांकडे जायचा. दुसरी उशी ती परत कपाटात ठेवायची, जोरात दार लावून.

शनिवार मात्र तिचा. लांबच्या शाखेची व्हॅन शनिवारी सकाळी पोचायची. टपालवाले काका गठ्ठा आणून टेबलावर टाकायचे आणि म्हणायचे, "घ्या वहिनी, आलं तुमचं प्रेमपत्र."

"काका, तुमच्या घरून कधी येतं का असलं?"

"आमची घरातच असते. तिची नोटीस येते."

वहिनी हसायची आणि तो गठ्ठा सगळ्यात शेवटी सोडायची. त्याचं अक्षर. ग्रीसचा अंगठा. दमला असला की ओळ उजवीकडे खाली उतरायची. एकदा स्लिपच्या कोपऱ्यावर रक्ताचा सुकलेला ठिपका होता. रविवारी तिने विचारलं, "बोटाला काय झालं?" तो गडबडला. "तुला कुणी सांगितलं?" तिने सांगितलं नाही.

पण एका रविवारी भांडण झालं. तो म्हणाला, "इथे काम उरलेलंच नाही. दुपारी आम्ही पत्ते खेळतो. मला परत का बोलवत नाहीत?"

"काम नाही, मग बाकी अठरा कशी?"

"मला काय माहीत. तूच मोजतेस ना."

"मी मोजते म्हणूनच सांगते. यायचं नसेल तर सरळ सांगा. तिथे काही गोड लागलं असेल."

मग तो म्हणाला, "आईला दे फोन." त्यानंतर परत येण्याचा विषय त्याने काढला नाही. वहिनीनेही नाही. आकडा तिच्या हातचा होता. आकड्यावर नाही तर कुणावर विश्वास ठेवायचा?

मग कॉम्प्युटरवाली आली. कंपनी नवीन सिस्टिम बसवणार होती, आणि ही पोरगी पेनाचं टोपण चावत चार दिवस वहिनीच्या शेजारी बसली. प्रत्येक रकान्याला तिचा एकच प्रश्न, "हा आकडा बघून कोण काय ठरवतं?" वहिनीला ती जरा शहाणीच वाटली. बुधवारी ती बाकीच्या रकान्याला आली.

"हे बाकी म्हणजे नेमकं काय?"

"राहिलेली कामं. अजून काय असणार."

"राहिलेली कामं, की न आलेल्या स्लिपा?"

"एकच की ते."

"एकच कसं? या लांबच्या शाखेच्या स्लिपा कधी येतात?"

"शनिवारी. व्हॅन शुक्रवारी संध्याकाळी तिथून निघते. बाकीच्या सहा शाखांच्या रोज येतात."

"आणि तुमचा कागद कधी जातो?"

वहिनीने टेबलावरचा कागद ओढून घेतला.

शुक्रवारी दुपारी. व्हॅन निघायच्याही आधी. म्हणजे तिकडे आठवडाभर झालेलं सगळं काम, सह्यांसकट, इकडे बाकी. दर आठवड्याला. पुढच्या आठवड्यात ते निघायचं आणि त्याच्या जागी नवीन बसायचं.

स्लिपवर काम झाल्याची तारीख असायची. ती तारीख वहिनीने हजार वेळा वाचली होती, तिच्यावरून मोजलं मात्र कधीच नव्हतं. तिने फायली काढल्या. दोघी जेवायला उठल्या नाहीत. खरी बाकी निघाली दोन, तीन, एक, चार, दोन. तो गेल्यापासून सहाव्या महिन्यातच पाचाच्या आत. म्हणजे नवव्या महिन्यात तो घरी असायला हवा होता. पावणेदोन वर्षं झाली त्याला.

"तुमचा आकडा खोटा नव्हता," कॉम्प्युटरवाली हळू आवाजात म्हणाली. "साहेब विचारत होते काम किती राहिलं. कागद सांगत होता टपाल किती राहिलं."

वहिनी गठ्ठ्यावर हात ठेवून बसली होती.

"नवीन सिस्टिममधे मेकॅनिक तिथूनच मोबाइलवर टाकेल. स्लिप नाहीच. मग हे आपोआप सुधारेल, कुणाला कळणारही नाही."

"त्या शाखेत कधी येणार सिस्टिम?"

"लांबची आहे ना. शेवटी. वर्ष धरा."

दुसऱ्या दिवशी वहिनी फायली घेऊन साहेबांच्या केबिनमधे गेली. कुणी म्हणेल कशाला गेली, नोकरीवर धोंडा कशाला पाडून घ्यायचा. असं म्हणणाऱ्यांनी स्वतःची चूक स्वतः उचलून साहेबासमोर ठेवून बघावी एकदा.

साहेबांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, "वहिनी, नवऱ्याच्या शाखेचा आकडा बायको खाली आणतेय. मी काय समजायचं?"

"मी अडीच वर्षं वर ठेवला, तेव्हा नाही विचारलंत."

साहेबांनी चष्मा काढला. तारखा बघितल्या, सह्या बघितल्या, एक गठ्ठा स्वतः मोजला. वेळ लागला. "तुम्ही चुकलात," ते म्हणाले, "आणि मी त्या एका रकान्यापलीकडे कधी बघितलं नाही. पण नियम तुमच्यासाठी वाकवला तर उद्या साती शाखा माझ्या दारात. उद्यापासून तीन महिने बाकी पाचाच्या आत राहिली, की तो परत. शुक्रवारी शाखेला फोन करून खरी बाकी विचारायची. इथे, माझ्यासमोर, स्पीकरवर. स्लिपा मागाहून पडताळायच्या."

"आणि गेलेली पावणेदोन वर्षं?"

"ती मी कुठून आणू."

शुक्रवारी दुपारी तिने साहेबांच्या टेबलावरून फोन लावला. शाखेत तिघं असतात, पण उचलला त्यानेच.

"हेड ऑफिसमधून बोलतेय. आज बाकी किती?"

त्याला आवाज कळला. शुक्रवारी, या वेळी, हा आवाज कधी आला नव्हता. "घरी सगळं ठीक?"

"ठीक. बाकी सांगा."

"दोन. एक सोमवारी होईल. दुसऱ्याचा पार्ट यायचाय."

एवढं विचारून फोन ठेवायचा होता. तिने ठेवला नाही.

"मी आजवर स्लिपा मोजत होते," ती म्हणाली. "व्हॅन शनिवारी येते, माझा कागद शुक्रवारी जातो. तुमचं काम झालेलं असायचं आणि मी ते बाकी धरायचे. तुम्ही खरं सांगत होता. मी तुम्हाला नको ते बोलले."

साहेब उठून खिडकीशी गेले आणि बाहेर काहीतरी महत्त्वाचं चाललंय असं बघत उभे राहिले.

पलीकडून खोकला ऐकू आला. मग तो म्हणाला, "ऐक, ऑफिसातला फोन आहे. दोन लिही."

"लिहिलं."

"पुढच्या शुक्रवारी तूच करणार ना फोन?"

"मीच."

"मग तो पार्ट मी स्वतः जाऊन आणतो."

फोन ठेवल्यावर साहेब मागे वळले आणि म्हणाले, कागद द्या. वहिनीने दिला. तीन महिने म्हणजे तेरा शुक्रवार, हे तिने कालच मोजून ठेवलं होतं. आता बारा राहिले होते.