न लिंपलेली चूल

शेटने लाथ घातली आणि आमची चूल उधळली. भात अर्धा शिजला होता. पातेलं कलंडून सगळी पेज वाळूत गेली.

"पाव्हण्यांच्या डोळ्यांत धूर जातो. उचला तुमचं बोचकं," तो म्हणाला.

हे किनाऱ्यावरच्या माहीमला, शेटच्या बागायती वाडीत घडलं. मी सहा-सात वर्षांची असेन. जव्हारकडे डोंगरात भातकापणी झाली, की आम्ही दरवर्षी तिथे कामाला उतरायचो. पानवेलींना पाणी द्यायचो, नारळ वाहायचो. बा हात जोडून हसला. हो, हसला! ते हसू मला आजही सहन होत नाही. आयने वाळूतला कच्चा भात ओंजळीने फडक्यात भरला. चालता चालता आम्ही तोच खाल्ला. वाळू दातांत करकरत होती.

त्यानंतर आयने चूल कधी लिंपली नाही. आमच्यात बाई जिथे राहणार तिथे तीन दगड मांडते आणि मातीने लिंपून पक्के करते. आय दगड सुटेच ठेवायची. जेवण झालं की भांडी धुऊन बोचक्यात, बोचकं दाराशी. बा गेला. मी बोईसरला कारखान्यात लागले, चाळीत खोली घेतली, लग्न झालं, लेक झाली. बोचकं दाराशीच. स्टोव्ह आणला तर म्हणाली, "त्याला रॉकेल लागतं. दगड कुठंबी गावतात." खोलीमागे सुट्या दगडांवरच भाकरी भाजायची. म्हातारीचं खूळ म्हणून मी सोडून द्यायचे.

एका दुपारी लेक भातुकली मांडून बसली होती. तीन खडे, वर करवंटी, करवंटीत मातीचा भात. मी कौतुकाने बघत होते. ती बाहुलीला म्हणाली, "लवकर खा, तो येल." मग उठली आणि स्वतःच लाथ मारली. "उचला!"

मी तिला त्या वाडीचं काहीच सांगितलं नव्हतं.

"कोण येल गं?"

"म्हाईत नाय. आजी रोज सांगते, येतो."

थोड्याच दिवसांत चाळमालक आला. मागच्या जागेत त्याला गाडी लावायची होती. दगडांकडे बोट करून म्हणाला, "हे उचला. तुम्हा जंगली लोकांचं काय, आज इथं, उद्या तिथं."

आय लगेच वाकली. बोचकं काखेत होतंच. माझी लेकही दगडाला हात घालायला धावली. ते बघून माझं डोकं फिरलं.

"ठेव ते, आये. आमी नाय उचलणार."

मी माती कालवली. त्याच्यादेखत चूल लिंपायला बसले. त्याने पाय उचलला. मी मातीच्या हातांनी त्याचा घोटा धरला.

"पाय खाली घे."

त्याने घेतला. बघून घेईन म्हणत गेला.

तो परत येणार, मला माहीत आहे. आय अजून बोचक्याला टेकूनच झोपते. तिची भीती मला सोडवता आली नाही. लेकीला मात्र मी रोज त्या लिंपलेल्या चुलीपुढे जेवायला बसवते. ती घाई करते. मी म्हणते, सावकाश खा. तिच्या ताटातलं शेवटचं शीत संपेपर्यंत मी कुणाच्या बापाला तिथे पाय ठेवू देणार नाही.