शंकेखोरांचा वॉर्ड

मुलुंडच्या एका हॉस्पिटलात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या वॉर्डात सिस्टर म्हणून इतकी वर्षं काढलीत, की किस्से नको म्हटलं तरी साठतात. त्यातून आमचा वॉर्ड एक नंबरचा संशयी! प्राचीची किलोभराची लेक व्हेंटिलेटरवर आली आणि त्या संशयाला ऊतच आला.

*

सगळ्यात संशयी आमचे मोठे सर. मॉनिटरवर काडीचा विश्वास नाही. बाळाच्या छातीवर बोट दाबायचं, उचलायचं आणि पांढरा पडलेला ठिपका गुलाबी होईपर्यंत सेकंद मोजायचे. तीनच्या वर गेले, की रक्त नीट फिरत नाही समजायचं.

नवा डॉक्टर निनाद म्हणाला, "सर, ऑक्सिजन झकास आहे!"

"ती मार्कशीट झाली. पोरगी पास आहे का बघू!"

*

प्राचीची सासू मालवणची. तिनं मला दारातच गाठलं. "येवढो वारो त्या इवल्याशा छातयेत भरतास, मगे रगत खयसून फिरतलां?"

मी हसण्यावारी नेलं. संध्याकाळी सरांनी निनादला तेच ऐकवलं. हवेचा दाब जास्त झाला की छातीत दाटी होते, हृदयाकडे परत येणारं रक्त अडतं. फक्त इंग्रजीत, आणि पाऊण तास!

*

प्राची साकीनाक्याच्या कारखान्यात क्वालिटी चेकिंगला. हिरवा दिवा लागला तरी पीस हातात घेऊन बघायचा, ही तिथली सवय. एका दुपारी तिनं लेकीला हात लावला आणि म्हणाली, "सिस्टर, पाय गार आहेत."

निनाद म्हणाला, "ताई, ऑक्सिजन एकदम नॉर्मल आहे."

"असेल हो. पण पाय गार आहेत ना!"

मी सरांना बोलावलं. त्यांनी बोट दाबून उचललं. एक... दोन... तीन... चार... पाच! पोरगी हातची जाते की काय, असं वाटलं. सरांनी हवेचा दाब थोडा उतरवला आणि आम्ही सगळे तिथेच उभे राहिलो. हळूहळू पाय कोमट झाले.

दुसऱ्या दिवसापासून निनाद आधी पाय चाचपायचा, मग मॉनिटर!

*

घशात नळी असली की बाळ रडतं, तोंड वेडंवाकडं करतं, पण आवाज फुटत नाही. अठरा दिवस प्राचीनं लेकीचं तसलं मुकं रडणं पाहिलं होतं. त्या सकाळी सरांनी नळी काढली, तेव्हा ती दाराशी आमच्याकडे पाठ करून हात धूत होती. आतून बारीक, चिरका आवाज आला. मग जरा मोठा.

प्राची वळलीसुद्धा नाही. वैतागून म्हणाली, "सिस्टर, कोणाचं बाळ रडतंय बघा ना! एवढं रडतंय बिचारं, त्याची आई कुठे गेली?"