गिरिजाक्काच्या पिठाबद्दल मी काय लिहिलं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिच्या लेखी माझी नोकरी स्वच्छ झाली. लाच मी कधी खाल्ली नाही, हे खरंच आहे. त्याच आडोशाला मी इतकी वर्षं बसलो असेन — कुणास ठाऊक.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. मी कोल्हापुरात पोषण आहाराच्या कामावर विस्तार अधिकारी होतो. सरकारनं एक प्रायोगिक योजना आणली होती. अंगणवाडीतल्या मुलांना प्रोटीन कमी पडतं, दूध आणि अंडी वाड्यावस्त्यांवर पोचत नाहीत. तर सुकडीत, म्हणजे अंगणवाडीत मिळणाऱ्या कोरड्या खाऊत, सोयाबीनचं पीठ मिसळून द्यायचं. पीठ बायकांच्या गटांनी करायचं, यंत्रांना अनुदान सरकारचं. वर्षभर बघायचं, मुलं खातात का, सोसतं का, आणि मग योजना वाढवायची की गुंडाळायची ते ठरवायचं. आमच्या जिल्ह्याचा अहवाल माझ्याकडे होता.

पीठ करणाऱ्या गटाची प्रमुख गिरिजाक्का. हुपरीच्या पुढं, कर्नाटकच्या हद्दीलगतच्या गावातली. नवऱ्याचं किराणा दुकान, घरात कानडी, दारात मराठी. शाळा चौथीपर्यंत. पण सोयाबीन काय असतं ते मला तिनं शिकवलं. कच्चं पोटाला बाधतं. म्हणून आधी उकळायचं, मग वाळवायचं, मग भाजायचं, आणि शेवटी दळायचं. प्रत्येक घाण्यातला दाणा ती स्वतः चावून बघायची. "पोरांच्या पोटाचं काम हाय सायेब," म्हणायची, "दाताखाली जरा कचकन वाजलं की समदा घाणा परत चुलीवर घालतो मी."

तिचं पीठ एसटीनं गगनबावड्याकडच्या अंगणवाड्यांत जायचं. मी तिकडे गेलो होतो का? एकदा गेलो होतो. एकाच अंगणवाडीत. पाऊस इतका की समोरचं झाड दिसत नव्हतं. मुलं भिंतीला टेकून ओळीनं बसली होती आणि वाट्या चाटूनपुसून साफ करत होती. एक मुलगी तर शेजारणीच्या वाटीत बोट घालत होती. सेविका हसून म्हणाली, "वाट्या धुवायचं काम ऱ्हायलं न्हाई बघा." कुणाचं पोट दुखलं का, हेही मी विचारलं. नाही म्हणाली. हे सगळं मी वहीत लिहून घेतलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायलाही जागा नाही.

मग जिल्ह्याची बैठक झाली. दुधाच्या राजकारणातले एक वजनदार गृहस्थ तिथं होते. विषय निघाल्यावर ते मोठ्यांदा म्हणाले, "दुधाच्या जिल्ह्यात पोरांस्नी सोयाबीनचं पीठ चारताय व्हय? लोक हसतील की!" सगळे हसले. मीही हसलो. बाहेर आल्यावर माझे साहेब एवढंच म्हणाले — विषय वाढू देऊ नका. त्या महिन्यात बदल्यांची यादी निघणार होती आणि माझं नाव घाटमाथ्यासाठी चर्चेत होतं. मला कोल्हापूर सोडायचं नव्हतं. मुलीची शाळा, नुकतं घेतलेलं घर... पण ती कारणं मी देत नाही. तशी कारणं कुणाला नसतात?

अहवालात 'मुलांना चव आवडत नाही' एवढं लिहिलं असतं तरी योजना गुंडाळली गेली असती. साहेबांना तेवढंच हवं होतं. मला वाटलं, कुणी उलट विचारलं तर? पुन्हा चव घेऊन बघू म्हणालं तर? म्हणून मी आणखी एक वाक्य घातलं. ते मला कुणी सांगितलं नव्हतं, ते पूर्णपणे माझं. 'पीठ नीट भाजलेले नसल्याने काही मुलांना उलट्या व जुलाबाचा त्रास झाल्याचे आढळले.'

असं कुठंच आढळलं नव्हतं.

योजना आमच्या जिल्ह्यात थांबली. माझं नाव यादीत आलं नाही. पंधरा दिवसांनी गिरिजाक्का कचेरीत आली. हातात योजना थांबवल्याच्या पत्राची घडी होती. त्यात माझं वाक्य जसंच्या तसं उतरवलेलं होतं. मला वाटलं, ही आता भांडणार. तयारीही केली होती मी — वरून निर्णय झाला, माझ्या हातात काही नाही, वगैरे.

ती भांडली नाही. खुर्चीवर बसलीही नाही. म्हणाली, "कुठल्या गावची पोरं, तेवढं सांगा. मी जाऊन बघून येतो. त्यांच्या आयांच्या पाया पडतो."

तिनं विश्वास ठेवला होता. सरकारी कागदावर आलंय म्हणजे झालंच असणार. कुठला तरी घाणा आपल्याच नजरेतून सुटला असणार. मी काय म्हणालो? मी म्हणालो, नावं गोपनीय असतात. ती मान हलवून गेली.

पुढं कळलं की हुपरीतल्या काही घरांनी तिच्याकडे तेच पीठ मागितलं होतं. सरकार नसलं तरी काम चाललं असतं. तिनं नकार दिला. गटातल्या बायका तिच्यावर चिडल्या, त्यांचं काम गेलं होतं. ती त्यांना म्हणाली म्हणे, माझ्या हातनं पोरांच्या पोटात कच्चं गेलं, आता ह्या हातानं कुणाला करून घालणार न्हाई. आणि घाटावरच्या त्या अंगणवाडीत नुसती सुकडी सुरू झाली. तिथं मी परत गेलो नाही.

सात-आठ वर्षांनी ती मला भेटली, कसबा बावड्यात, एका लग्नात. मुलानं तिथं घर घेतलं होतं, ती त्याच्याकडे राहायला आली होती. मी तोंड चुकवून निघालो होतो, पण तिनंच हाक मारली. केस पिकले होते. माझी, घरच्यांची विचारपूस केली. मुलगी आता काय करते ते विचारलं. मग जरा जवळ येऊन, आवाज खाली घेऊन म्हणाली, "सायेब, ती पोरं बरी झाली न्हवं?"

जेवणाच्या पंगती बसत होत्या, आजूबाजूला माणसं होती. पण आमच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सांगायला हरकत नव्हती. एका वाक्याचं काम होतं.

मी म्हणालो, "झाली, अक्का. सगळी बरी झाली."

तिनं छातीवर हात ठेवला आणि डोळे मिटले. म्हणाली, "लई वरसं जीव टांगणीला होता बघा." मग मला हाताला धरून पंगतीत नेलं आणि शेजारी बसवून घेतलं. मी जेवलो.

ती अजून आहे. तिचं घर माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर आहे. मी गेलेलो नाही.