तैयबाभाभीकडची अमानत

तैयबाभाभीच्या पोटात गेलेली गोष्ट पुन्हा ओठावर येत नाही, हे रेवदंड्यात कुणालाही विचारा. ही ख्याती आजकालची नाही, तिचा नवरा रफिक मस्कतला होता तेव्हापासूनची. त्या काळी घरोघर फोन कुठला! रफिकनं आणलेला कॅसेटचा टेप मोहल्ल्यात फक्त भाभीच्या घरी होता, आणि परदेशातल्या नवऱ्याला आवाज भरून पाठवायला बायका तिच्याकडे यायच्या. भाभी कोरी कॅसेट घालून द्यायची, बटण दाबायची आणि बाहेर पडवीत तांदूळ निवडत बसायची. आत कोण हुंदके देतंय, कोण सासूचा उद्धार करतंय, सगळं भिंतीपलीकडून कानावर यायचंच की! पण त्यातला एक शब्द कधी मोहल्ल्यात फुटला नाही. "अमानत हाय ती," भाभी म्हणायची. "ज्याची त्याला पोचली पायजे. मधल्यानं खायची न्हाय."

आणि अशा बाईला या वयात खोटं पाडलं हो!

झालं ते असं. खाडीच्या तोंडाशी कोळणींचं खळं आहे. पिढ्यान्‌पिढ्या बायका तिथं जवळा नि बोंबील सुकवतात. त्या जागेवर पर्यटकांच्या गाड्या लावायची सोय करायचा घाट घातला गेला, आणि बायकांचं त्यावर म्हणणं काय, हे ऐकून अहवाल लिहायला पुण्याच्या एका संस्थेतली तेजस्वी नावाची संशोधक आली. मुलगी शिकलेली, बोलायला गोड. पण परक्या मुलीपुढं कोळणी कशाला मन मोकळं करतील? तिला कुणीतरी तैयबाभाभीचं नाव सांगितलं. मग भाभीच खळ्यावर जाऊ लागली. एकेकीशी बोलायची, ते फोनवर रेकॉर्ड करायची नि तेजस्वीला पाठवायची. सुरुवातीला प्रत्येकीला न चुकता सांगायची, "तुझं नाव कुठं येणार न्हाय. तुझं बोलणं मी ऐकणार नि मॅडम ऐकणार. तिसरं कोण न्हाय." हे सांगायचं कुणी शिकवलं होतं? तेजस्वीनंच!

त्यातली नीराबाई म्हणजे तोंडाची फटकळ. जागेचा विषय काढल्याबरोबर ती कडाडली, "घ्या, घ्या! खळं घ्या, होडी घ्या, आमच्या चुली पण न्या नि त्याच्यावर गाड्या लावा! आम्ही बसतो खाडीत पाय सोडून!" ज्यानं आयुष्यात एकदा तरी कोळणीशी मासळीचा भाव केलाय, त्याला हा सूर बरोबर कळेल.

मग मात्र तिनं आवाज खाली आणला. "एक सांगू, भाभी? माझं चालंल. माझी प्रणाली मुंबईला नोकरीला हाय, मला दोन घास घालंल. पण काशीचं काय? दोन्ही पोरं वेगळी झाली, म्हातारीकडं ढुंकून बघत न्हायत. खळ्यावर बसते म्हणून ती जेवते. तिचं लक्ष नसताना माझ्यातला मूठभर जवळा मी तिच्या पाटीत सारते. पण हे तिला कळू देऊ नको. कळलं तर उपाशी राहील, पण माझं घेणार न्हाय."

"अमानत," भाभी म्हणाली, आणि विषय तिथंच संपला.

काही दिवसांनी गावच्या सभेत अहवालातलं वाचून दाखवलं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत एक वाक्य झळकलं: 'आमच्या मुली या वासातून बाहेर पडाव्यात, म्हणून आम्ही ही जागा आनंदानं सोडू.' आणि खाली, 'मासळी सुकवणारी महिला, वय पंचावन्न, मुलगी मुंबईत नोकरीला.'

नाव नव्हतं. पण नाव हवंय कशाला? खळ्यावर पंचावन्नची, मुलगी मुंबईत असलेली बाई एकच. सगळ्या माना नीराबाईकडे वळल्या. काशी तर भर सभेत उठून ओरडली, "लेक लागली मार्गाला, आता आमच्या पोटावर पाय देतेस व्हय गं?" नीराबाई परोपरीनं सांगत होती, मी असं बोललेच न्हाय म्हणून. पण छापलेल्यापुढं बोललेलं कोण ऐकतंय!

खळ्याची एक रीत आहे. एकीची पाठ वळली की शेजारची तिच्या मासळीवरचे कावळे हाकते. भांडण असलं तरी हाकते. सभेनंतर नीराबाई पाणी प्यायला घरी गेली, तर तिच्या जवळ्यावर कावळ्यांनी पंगत मांडली, आणि काशी दोन हात अंतरावर बसून शांतपणे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. शेवटी नीराबाई तहान मारून उन्हात बसून राहायला लागली.

तैयबाभाभीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नीराबाईचा खरा शब्दन् शब्द तिच्या फोनमध्ये होता. ती तडक नीराबाईकडे गेली. "ऐकवू का सगळ्यांना? एका घटकेत तोंडं बंद होतील."

"न्हाय. त्यात काशीचं हाय."

"तेवढं वगळते."

"अर्धंच ऐकवलंस तर म्हणतील, बाकीचं का लपवलं? काशी तर उकरून काढंल. राहू दे, भाभी."

म्हणजे बघा! जी हिला पाण्यात पाहतेय, तिचीच लाज राखायला ही बाई चोर ठरून बसली होती. भाभीनं घरी येऊन तेजस्वीला फोन लावला आणि एवढंच म्हणाली, "या. इथं येऊन बोला."

तेजस्वी आली. भाभीनं चहा पुढं ठेवला. सगळी रेकॉर्डिंगं तिनं एआयला दिली होती. मुख्य मुद्दे काढ, ठळक उद्गार काढ, असं त्याला सांगितलं होतं. त्यानं काढले, हिनं छापले. "मी ते मूळ बोलण्याशी ताडून पाहायला हवे होते, तैयबाताई. पण मुदत जवळ आली होती, आणि वाक्य इतकं छान जुळलं होतं..."

"मग ते वाक्य बोललं कोण?"

"कुणीच नाही. त्यानं जुळवलं."

"कुणीच न्हाय! पण वय नीराबाईचं, लेक नीराबाईची, नि शिव्या पण नीराबाईलाच!"

तेजस्वी खाली बघत म्हणाली, "आपण तिचं खरं रेकॉर्डिंग सगळ्यांना ऐकवू या का? तिच्याच भल्याचं आहे."

आता मात्र भाभीचा पारा चढला. "खबरदार! एकदा न विचारता दिलंत ते पुरे न्हाय झालं? मी बायकांना काय सांगितलं होतं? तिसरं कोण ऐकणार न्हाय! तुमच्या मशीननं लिहून काढावं, माझं काय जातंय? माझ्या नातवाचा अभ्यास पण तेच घेतं. पण आधी बायकांना विचारायचं होतं, की बाई, तुझं बोलणं त्याला देऊ का. नि लिहून आल्यावर स्वतःच्या कानानं ऐकायचं होतं. नीराबाईचा आवाज एकदा, अल्लाह कसम एकदाच ऐकला असतात, तर 'आनंदानं' लिहायला हात धजला असता तुमचा?"

तेजस्वी पुटपुटली, "मी खळ्यावर जाऊन हे कबूल केलं तर अहवाल रद्द होईल. माझं नाव, संस्थेचं नाव..."

"तुमचं नाव राहावं म्हणून तिनं कावळे जेवू घालायचे?"

यावर तेजस्वीनं चहाचा कप बाजूला सारला आणि उठली. तिच्या बाजूनं सांगायचं तर एवढंच, की खळ्यावर गेल्यावर तिनं आडपडदा ठेवला नाही. भर उन्हात, सगळ्या बायकांपुढं उभी राहून म्हणाली, "ते वाक्य नीराबाई बोललेल्या नाहीत. कुणीच बोललेलं नाही. मशीननं तयार केलं आणि मी न तपासता छापलं. चूक माझी आहे. मी अहवाल मागे घेतेय, आणि सभेत येऊनही हेच सांगणार आहे."

मग काशी फणकारली, "आनंदानं म्हणे! बसवा त्या मशीनला इथं दुपारचं जवळा उलटायला, मग बघू त्याचा आनंद!" बायका खो खो हसल्या. नीराबाई नाही हसली. तेवढ्यात तिच्या जवळ्यावर एक कावळा उतरला, आणि काशीनं बसल्या जागेवरून खडा भिरकावला. "हाऽऽड मेल्या! तुझ्या बापाचं हाय व्हय?" माफी मागायची तिची तऱ्हा एवढीच.

भाभीनं फोन काढला आणि नीराबाईच्या डोळ्यांदेखत तिचं रेकॉर्डिंग पुसलं. तेजस्वीनंही आपल्याकडचं पुसलं.

"नि मशीनला दिलंत ते?" नीराबाईनं विचारलं.

तेजस्वी म्हणाली, "काढून टाका म्हणून कळवते. पण... पूर्ण निघालं का, हे मला खात्रीनं नाही सांगता येणार."

इतक्या वर्षांत भाभीच्या घरातून एक हुंदका बाहेर गेला नव्हता. आणि आता नीराबाईचं बोलणं कुठल्या परमुलखात पडून राहणार होतं, हे भाभीला ठाऊक नाही, ज्या पोरीनं पाठवलं तिलाही ठाऊक नाही! असा संताप आला भाभीला, की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

काशीनं कान टवकारले. "काय दिलंत मशीनला? काय बोलली होतीस गं तू?"

"तुझ्या नावानं शिव्या घातल्या होत्या," नीराबाई म्हणाली.

"घालशीलच! दुसरं येतंय काय तुला?" काशी समाधानानं म्हणाली आणि पाठ वळवून आपला जवळा उलटायला लागली.

नीराबाईनं इकडेतिकडे पाहिलं, मूठभर जवळा उचलला आणि अलगद काशीच्या पाटीत टाकला. तैयबाभाभीनं चटकन तोंड खाडीकडे फिरवलं. तेजस्वी बघत होती. पण तिला त्यातलं काही कळलं नाही. रेकॉर्डिंग तिनं ऐकलंच कुठं होतं!