दोघांना झेपेल असं पाणी

माझा मुलगा गेला तेव्हा त्याच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. श्रीगोंद्याकडून मोटारसायकलवर घरी येताना रस्त्यात उभी असलेली उसाची ट्रॉली त्याला अंधारात दिसली नाही. ट्रॉलीच्या मागे ना दिवा होता ना लाल कापड. नव्वदनंतरची ती वर्षं. सून तेव्हा जेमतेम बावीसची, मिरजगावची. माहेरचे न्यायला आले तर म्हणाली, "थोडे दिवस इथंच राहते." ते थोडे दिवस तीन वर्षं चालले.

घरात आम्ही तिघंच. मी शाळेतून निवृत्त होत आलेली शिक्षिका, गुडघे पार कामातून गेलेले. हे साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. मुलगा गेल्यावर ह्यांना लकव्याचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला.

आमच्या बोअरच्या पाण्यात लोह फार. मोटार चालू केली की पाणी काचेसारखं यायचं, पण बादलीत थोडा वेळ राहिलं की वर तांबूस साय धरायची आणि तळाला गंज बसायचा. चहा काळा, भात पिवळट, धुतलेल्या चादरीवर डाग. मुलानं यावर स्वतःच उपाय काढला होता. पत्र्याच्या घमेल्याला खिळ्यानं भोकं पाडली, त्यातून पाणी शॉवरसारखं खालच्या पिंपात पडायचं, आणि पिंपात वाळू, कोळसा, खडी. पाणी छान निघायचं. पण दर आठवड्याला वाळू लाल चिखलानं गच्च व्हायची. ती सगळी उपसायची, धुवायची, परत भरायची. तो होता तोवर तो करायचा. पुढे सून करू लागली. कोपरापर्यंत हात लाल व्हायचे तिचे. मी म्हणायचे, राहू दे गं. ती म्हणायची, "ह्यांनी केलेलं आहे, आई. चालतंय तोवर चालू दे."

तिच्या भावानं पारनेरचं एक स्थळ आणलं. माणूस कचेरीत कारकून, त्याचीही पहिली बायको आजारपणात गेलेली. हे लगेच म्हणाले, "पोरीचं वय काय हाय? आपन गेल्यावर तिनं कुनाकडं बघायचं?" मला पटत होतं, आणि ती जाऊ नये असंही वाटत होतं. सुनेला विचारलं, तर ती धान्य निवडताना मान वर न करता म्हणाली, "मी गेल्यावर पाण्याचं कोण बघणार? दादांचा हात असा, तुमचे गुडघे असे."

मनात तिच्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त होतं. पण बोलायला तिला तेवढंच सापडलं.

ती दळण घेऊन गेल्यावर हे म्हणाले, "मग आधी पान्याचं बघू. तिला सबबच ठिवायची न्हाई."

वाळूचा त्रास कमी करू, असं सांगून मी तिला घेऊन नगरला फिल्टरच्या दुकानात गेले. दुकानदारानं एक उभी निळी टाकी दाखवली. दोन-तीन दिवसांनी तिचा दांडा ठरलेल्या क्रमानं फिरवायचा, मोटारीच्या जोरानं आतला गाळ उलटा धुऊन निघतो.

"वीज नसली तर?" सुनेनं विचारलं.

"मग वीज येईपर्यंत थांबायचं."

दुसऱ्या यंत्रात जांभळी पावडर विरघळवून सोडावी लागे. पावडर पुण्याहून यायची.

"ती संपली, आणि आणायला कोणी नसलं तर?"

दुकानदार हसला. तेवढ्यात मीच विचारून बसले, "घरात दोन म्हातारी माणसंच असली, तर यातलं काय झेपेल?"

सून माझ्याकडे वळली. "दोनच का, आई?"

ती पायऱ्या उतरून रस्त्याकडे तोंड करून उभी राहिली.

परतीच्या एसटीत ती हळूच म्हणाली, "तुम्ही मला घालवायला फिल्टर घेताय."

"हो," मी म्हणाले. "त्यासाठीच."

तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि भरल्या गाडीत हुंदके देऊन रडली.

दोन्ही यंत्रांचं वर्णन ऐकून ह्यांनी नकारार्थी मान हलवली. आयुष्यभर ह्यांनी कारखान्यात उसाचा रस साफ करायच्या टाक्यांवर काम केलेलं. "रसातली मळी आमी कशी काढायचो? रस निवांत ठिवायचा. मळी आपसूक खाली बसती." डाव्या हातानं पाटीवर वेडीवाकडी आकृती काढून ह्यांनी गवंड्याला समजावलं. वर भोकांच्या ताटल्या, त्यातून पाणी हवा खात खाली पडणार. खाली गाळ बसायला मोठा हौद. त्याला लागून खडीचा दुसरा, त्यात पाणी तळातून वर चढणार. आणि तळाशी एक मोठा व्हॉल्व्ह. आठवड्यातून एकदा तो उघडायचा, लाल गाळ बाहेर. पावडर नको, उपसणं नको. अर्धं परसू त्यात गेलं.

सुरुवातीला पाणी पिवळटच येत राहिलं. "नाही जमलं, दादा," सून म्हणाली, आणि तिच्या आवाजात आशा होती. पुढे दर आठवड्याला पाणी निवळत गेलं, तसा तिचा चेहरा उतरत गेला.

एका सकाळी ह्यांनी तिला हाक मारली. तिच्यासमोर डाव्या हातानं व्हॉल्व्ह उघडला, थोड्या वेळानं बंद केला. "बघ पोरी. झालं."

नालीतलं लाल पाणी वाहून जाईपर्यंत ती तिथंच उभी होती. मग म्हणाली, "माझ्या भावाला निरोप द्या."

बुद्धविहारात साधंच लग्न झालं. आदल्या दिवशी तिनं जुन्या पिंपातली वाळू उपसली, नेहमीसारखी धुतली आणि पोत्यावर पसरून वाळत घातली. ती वाळू आता कोणाच्या कामाची नव्हती. मी तिला थांबवलं नाही.

सात-आठ महिन्यांनी नवऱ्यासोबत ती भेटायला आली. माणूस चांगला होता, ह्यांच्या पायाशी बसून बोलला. ती खुर्चीत पाहुण्यासारखी अवघडून बसली होती. थोड्या वेळानं उठली, स्वयंपाकघराच्या दारात थांबली आणि म्हणाली, "आई, पाणी घेऊ का?"

या घरात तिनं आधी कधी असं विचारलं नव्हतं. मी "घे की" म्हणाले आणि चुलीकडे तोंड फिरवलं. ती आत येऊन पाणी प्यायली, फुलपात्र विसळून पालथं घातलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

संध्याकाळच्या गाडीनं ती गेली. तिला पोचवून मी परत आले तर हे ओट्यावर बसून होते.

"परत कवा येती म्हनली?"

ती काहीच म्हणाली नव्हती.

"मे महिन्यात," मी सांगून टाकलं.