मामांचं पत्रिकांचं वेळापत्रक

आमच्या हिच्या थोरल्या भावाइतका लग्नपत्रिकेनं पछाडलेला माणूस शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत दुसरा नव्हता, आणि नव्हता हे त्या दोन तालुक्यांचं नशीबच म्हणायचं. न्हावऱ्याला त्यांचा ऊस होता, कांदा होता, चार म्हशी होत्या. पण शेतीचं विचारलं तर म्हणायचे, "शेती काय, कुनीबी करतंय. पत्रिका वाटायला डोकं लागतं." भावकीत, सोयऱ्यांत कुणाचंही लग्न निघालं की पत्रिकांची पिशवी यांच्याच खांद्याला. माझ्या मुली त्यांना मामा म्हणायच्या म्हणून मीही मामाच म्हणायचो. ते मला दाजी म्हणायचे, आणि त्या 'दाजी'च्या सुरावरूनच कळायचं की आपलं काहीतरी चुकलेलं आहे.

मी त्यांच्या तावडीत सापडलो याला कारण माझा मीच. थोरल्या मुलीच्या लग्नात मी पत्रिका उशिरा छापल्या, आणि हातोहात द्यायच्या त्या मामांना न विचारता पोस्टानं पाठवल्या. तळेगाव ढमढेऱ्याच्या हायस्कुलात मी कारकून. मला वाटलं, पाकीट, पत्ता, तिकीट, झालं काम. काहींना पत्रिका लग्न झाल्यावर मिळाली, आणि ज्यांना वेळेत मिळाली ते 'आम्हाला टपालानं बोलावलं' म्हणून फिरकले नाहीत. निम्मा मांडव रिकामा, व्याही रिकाम्या खुर्च्यांकडं बघतायत, आणि ही आतल्या खोलीत तोंडाला पदर लावून बसलेली. म्हणून धाकटीचं जमलं त्याच दिवशी हिनं मला बजावलं, "या बारीला येक मानूस जरी आवतणावाचून ऱ्हायला, तर मी मांडवात उभी ऱ्हायची न्हाई. दादा बघंल सगळं." आणि दादानं बघायला सुरुवात केली.

लग्न मे महिन्यात. मामा फेब्रुवारीतच हजर. चहाचा कप हातात देतो न देतो तोच म्हणाले, "दाजी, छापायला कवा टाकायची?" मी म्हटलं, "टाकू की एप्रिलात." त्यांनी कप खाली ठेवला आणि तो चहा शेवटपर्यंत घेतला नाही. त्यांचा हिशेब पक्का होता. छापायला दोन महिने आधी, हातात बरोबर पंधरा दिवस आधी. लवकर दिली तर माणूस खुंटीला अडकवून विसरतो, उशिरा दिली तर म्हणतो, उरलेली आणून दिली. हे समजण्यासारखं होतं, पण पुढं अपवाद सुरू झाले. कांदा काढणीवाल्यांना कांदा साठवणीच्या चाळीत पडल्यावर. बाजारादिवशी कुणालाच नाही, कारण पत्रिका भाजीच्या पिशवीत जाते. आत्यांना चुलत्यांच्या एक दिवस आधी. आणि बोलचाल बंद असलेल्या दोन सख्ख्या भावांना एकाच दिवशी, एकाच घटकेला. त्यासाठी मला घड्याळ बांधून सकाळी आठच्या ठोक्याला एका भावाच्या दारात उभं केलं आणि स्वतः दुसऱ्याच्या दारात गेले. मी सात वाजून पन्नास मिनिटांनी पोचलो म्हणून दहा मिनिटं गोठ्याच्या आडोशाला बसून होतो. नोकरीत एवढी शिस्त पाळली असती तर हेडक्लार्क झालो असतो.

छापखान्याचं तर विचारूच नका. शिरूरच्या छापखान्याचे मालक, आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो, वडिलांपासून याच धंद्यातले आणि अतिशय सोशिक. त्यांच्याकडं मामांनी चार प्रुफं काढायला लावली. भावकीतली तेवीस नावं वयाच्या क्रमानं हवीत, हा हट्ट. त्यात माझे दोन चुलतभाऊ, दोघंही म्हणायचे मीच मोठा. मामांनी माझ्याकडं बघितलं. "दाजी, तुमच्या साळंत रजिस्टर आसंल की." मी मुकाट्यानं जुनं रजिस्टर काढलं. दोघांचीही जन्मतारीख एक जून, सालही तेच. आमच्या मास्तरांनी निम्मं गाव एक जूनला जन्माला घातलेलं. शेवटी दोन्ही नावं एकाच ओळीत शेजारी शेजारी बसवायचं ठरलं, तर डावीकडं कोण यावर आणखी दोन दिवस गेले. चाचा चष्मा पुसत म्हणाले, "मामा, आता मशिन चालू करू, का पोरगीच्या पोरांची नावंबी याच्यातच घ्यायची?"

वाटप सुरू झालं आणि माझं घर पार त्यांच्या ताब्यात गेलं. कासुर्डीला माझी आत्या. मामा मोटारसायकलवरून तिच्याकडं पोचले तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आपण एक दिवस लवकर आलो. दुसरा कुणी असता तर पत्रिका देऊन मोकळा झाला असता. मामांनी पिशवी मांडीखाली घातली. आत्यानं विचारलं, "का येणं केलं?" तर म्हणाले, "सहज." जेवले, ओट्यावर झोपले, सकाळी अंघोळ केली, मग पिशवी उघडून पत्रिकेला हळदकुंकू लावलं आणि जणू आत्ताच गाडीवरून उतरल्यासारखं म्हणाले, "लग्नाला यायचं बरं का, आत्याबाई." आत्या आजही मला विचारते की तो माणूस बरा आहे ना.

लग्नाला चार दिवस उरले तेव्हा मामा आले. दोन्ही तालुके पालथे घालून झाले होते, पिशवी रिकामी होती. आम्ही नवरा-बायकोनं केलेली यादी त्यांनी माझ्या हातात ठेवली. प्रत्येक नावापुढं खूण. म्हणाले, "दाजी, येकदा वाचून बघा. कोन ऱ्हायलं का?" मी इतका कावलो होतो की घडी न उघडताच यादी खिशात घातली. म्हटलं, "कोणी नाही राहिलं, मामा. सुटलो एकदाचा." ते तांब्याभर पाणी प्यायले आणि निघून गेले.

हळदीला मामा आले नाहीत. म्हटलं, म्हशी असतील, धार असेल. लग्नाच्या सकाळी नऊ वाजून गेले तरी पत्ता नाही. मुहूर्त साडेबाराचा, आणि आमच्याकडं नवरीला मांडवात आणायचं ते मामानं, दुसऱ्या कुणी नाही. हिनं हातातलं ताट खाली ठेवलं. "दादाला पत्रिका कुनी दिली?" मी तिच्याकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. मामाला आवतण द्यायला नवरीच्या आईबापांनी जोडीनं जायचं असतं, पत्रिका, नारळ घेऊन. आणि आम्ही? ज्याच्या पिशवीत सगळ्या पत्रिका, त्याला पत्रिका द्यायची हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं. खिशातली यादी आता उघडली. मामांचं नाव तिच्यात नव्हतंच.

घरात धुंडाळलं तर एक पत्रिका शिल्लक नाही, मामांनी मोजून छापलेल्या. देव्हाऱ्यात तेवढी देवापुढं ठेवलेली एक होती. हिनं हात जोडले, ती उचलली, आणि आम्ही दोघं जीप करून न्हावऱ्याला निघालो. मामा ओट्यावर बसले होते. दाढी केलेली, नवं धोतर, डोक्याला फेटा, पायात वहाणासुद्धा. म्हणजे निघायची तयारी पूर्ण, आणि जागचे हललेले नाहीत.

"अहो मामा, यादीत नाव नाही हे तुम्हाला दिसत होतं ना?"

"पयल्या दिशीच दिसलं. पर यादी तुमच्या हातची. मी तिच्यात येक नाव घातलं न्हाई, येक खोडलं न्हाई."

"मग तोंडानं सांगायचं होतं."

"आवतण मागून घ्यायचं आसतंय व्हय, दाजी?"

तीन महिने या माणसावर मी वैतागत होतो, त्या क्षणी मला माझीच लाज वाटली. म्हटलं, "चुकलो मामा. तुमच्याबिगर माझी पोरगी मांडवात यायची नाही." हिनं कुंकू लावलं, दोघांनी मिळून पत्रिका आणि नारळ त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी पत्रिकेवरच्या चिकटलेल्या अक्षता बघितल्या. "ही देवाची हाय."

"देव घरातच आहे," ही डोळे पुसत म्हणाली. "तू न्हाईस."

जीपमध्ये मामांनी चष्मा लावला आणि पत्रिका वरपासून वाचायला घेतली. चार प्रुफं ओळीन् ओळ तपासलेला माणूस, पण वाचत होता पहिल्यांदाच हातात आल्यासारखी. मामा म्हणून जिथं त्यांचं नाव होतं तिथं अंगठा ठेवून थांबले. मग म्हणाले, "चांगली छापलीया. दाजी, माझ्या हातावर पत्रिका ठेवनारे तुमी पयले. वाटनाऱ्याला कोन देतंय?" आवाजात तक्रार नव्हती, पाऊसपाण्याचं सांगावं तसं सांगितलं. मी ड्रायव्हरला उगाचच म्हटलं, जरा जोरात घे.

साडेबाराला त्यांनी धाकटीला मांडवात आणलं. मांडवात उभं राहायला जागा नव्हती. ते अबोला धरलेले दोघं भाऊ आले होते, कासुर्डीची आत्या आली होती, चाचाही कोपऱ्यात उभे होते. ही सगळी माणसं मामांनी एकेकाच्या दारात जाऊन आणली होती. त्यांच्या दारात इतक्या वर्षांत कुणी गेलं नव्हतं, आणि मीही गेलो तो मुहूर्ताला अडीच तास उरले असताना.