पाठमोरं मार्केट

मार्केटातले किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. कोथिंबीर आणायला गेलं की कोथिंबिरीबरोबर एखादा येतोच. बरेचदा कोथिंबीर विसरून नुसता किस्साच घरी येतो आणि मग आमच्याकडे जे ऐकावं लागतं तो वेगळा विषय!

मी मूळचा अकोल्याचा. नोकरी रेल्वेत, पुलांच्या कामावर. बदल्या होत होत लखनौला आलो, जानकीपुरममध्ये घर घेतलं आणि इथेच रिटायर झालो. घराजवळ सेक्टरचं शॉपिंग सेंटर आहे. वर छत नाही, मधे मोकळं अंगण आणि तीन बाजूंनी दुकानं. इंजिनिअर माणसाला एक खोड असते, दिसेल त्याबद्दल 'हे असं का?' म्हणून विचारायचं. या सेंटरात तर विटेविटेला विचारावं असं काहीतरी आहे.

*

पहिला प्रश्न मी किराणावाल्या गुप्ताजींना विचारला. ते इथले सगळ्यात जुने दुकानदार.

"गुप्ताजी, सगळ्या दुकानांची पाठ मेन रोडकडे का? रस्त्यावरून नुसती भिंत दिसते, आणि तोंड मात्र नाल्याकडे!"

"ठेकेदार ने नक्शा उल्टा पकड़ लिया था, साहब."

मला पटेना. म्हटलं, असं कसं होईल? नकाशावर उत्तर दिशेचा बाण असतो. शिकाऊ पोरालाही तो कळतो.

गुप्ताजी साखर तोलता तोलता शांतपणे म्हणाले, "तीर तो था, साहब. उसी पर चाय का गिलास रखा था!"

*

या पाठमोरेपणाचा त्रास असा, की मार्केट सापडतच नाही. लोक भिंतीला टेकून विचारतात, "भैया, यहाँ मार्केट किधर है?"

ज्येष्ठ महिन्यातल्या मंगळवारांना लखनौत 'बड़ा मंगल' म्हणतात. जागोजागी मांडव घालतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पुरी-भाजी, सरबत वाटतात. आमच्या दुकानदारांनीही एका वर्षी भिंतीला लागून रस्त्यावर मांडव टाकला. गर्दी अशी लोटली की मलाही डाव हातात घ्यावा लागला.

एक सद्गृहस्थ तिसऱ्यांदा भाजी घेत होते. त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला. "यहाँ कहीं चप्पल मिलेगी?"

गुप्ताजींनी भिंतीकडे बोट केलं. "इसके पीछे पूरा मार्केट है."

ते गृहस्थ पुरी हातात धरून भिंतीला वळसा घालून गेले आणि डोळे विस्फारून परत आले. "हद है! बारह साल से रोज़ निकलता हूँ. मैं तो इसे पानी की टंकी वालों का दफ़्तर समझता था!"

गुप्ताजी मला कोपरखळी मारत म्हणाले, "देखा साहब? बारह साल में एक ग्राहक पक्का!"

*

मला सगळ्यात जास्त कुतूहल होतं ते जिन्याचं. अंगणाच्या एका टोकाला सिमेंटचा चांगला रुंद जिना आहे. अठरा पायऱ्या. चढून वर गेलं की वर काही नाही! दुकानांच्या स्लॅबचा एक कोपरा, आणि पुढे आकाश. पहिला मजला म्हणे पुढच्या टप्प्यात होणार होता. तो टप्पा काही आला नाही.

पण जिना वाया गेला असं मात्र नाही. फोटो स्टुडिओवाले श्रीवास्तवजी सांगतात, सेक्टरमध्ये तेव्हा सगळी घरं बैठी. मुलाचं लग्न ठरवायचं तर फोटो दमदार हवा. मग मुलाला सूट घालून जिन्यावर उभं करायचं, एक हात कठड्यावर, नजर लांब. बघणाऱ्याला वाटावं, घरचाच जिना! आमच्या सेक्टरमधली निम्मी लग्नं त्या जिन्यावर जमली.

बाराबंकीची एक सून लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पदर सावरत सासूबाईंना म्हणाली, "अम्माजी, बाक़ी घर तो देख लिया. ज़ीना किधर है?"

*

त्या जिन्याखाली मास्टरजी बसतात. शिंपी. पांढरी दाढी, नाकावर घसरलेला चष्मा आणि पायाने चालवायचं मशीन. दुकान नाही, दुकानाला नंबर नाही, कागद तर नाहीच.

एकदा मी विचारलं, "मास्टरजी, आप यहाँ कैसे?"

म्हणाले, "उद्घाटन के लिए आया था, जनाब."

मार्केट तयार झालं तेव्हा शामियाना लावला होता. वाऱ्याने तो फाटला, म्हणून घाईघाईने यांना मशीनसकट बोलावलं. ऊन फार, सावली फक्त जिन्याखाली. तिथे बसून त्यांनी कापड शिवलं. तेवढ्यात निरोप आला, पाहुण्यांचं येणं पुढे ढकललंय. कुणीतरी म्हणालं, "मास्टरजी, उद्घाटन तक यहीं बैठिए, फिर फट सकता है."

"फिर?" मी विचारलं.

मास्टरजींनी सुईत दोरा ओवला. "फिर क्या? उद्घाटन अभी हुआ कहाँ है!"

*

मास्टरजींचं मापं घेणंही अजब. टेपने माप घेतात, कागदावर लिहितात आणि कापताना त्यात आपल्या मनाने काहीतरी वाढवतात. माझ्या पँटच्या कमरेत त्यांनी दीड इंच वाढवलं. मी पुलांवर मिलिमीटरचा हिशेब लावलेला माणूस, तणतणत गेलो.

"मास्टरजी, नाप चौंतीस लिखा है, तो चौंतीस ही काटिए न!"

ते हसले. "साहब, आप पुल नापते हैं. पुल खाना नहीं खाता!"

पुढच्या दिवाळीत ती पँट मला बरोबर बसली. आमच्या सौ.ने हा किस्सा नातेवाईकांत इतक्या वेळा सांगितला, की अकोल्याचा माझा भाऊ फोनवर आधी कंबर विचारतो, मग तब्येत.

*

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मार्केटच्या सुशोभीकरणाची नोटीस लागली. नव्या फरशा, दिवे, रंग. सगळे खूष. मग एक तरुण सर्वेवाला आला आणि जिन्यावर खडूने फुली मारून गेला.

गुप्ताजींनी विचारलं, "भैया, यह क्यों?"

"कहीं जाता ही नहीं. जो ज़ीना कहीं नहीं जाता, वह टूटेगा. बड़े साहब गुरुवार को आकर फ़ाइनल करेंगे."

जिना गेला तर जिन्याखालची जागाही गेली. मास्टरजींना कुठल्या कागदाच्या जोरावर दुसरी जागा मिळणार? गुप्ताजी म्हणाले, माझ्या दुकानापुढे बसा. श्रीवास्तवजी म्हणाले, माझ्या. मास्टरजींनी दोघांनाही हात जोडले. "किसी की दुकान का मुँह रोककर नहीं बैठूँगा."

त्यांचा मुलगा लखनौच्या दुसऱ्या टोकाला, वृंदावन योजनेत राहतो. तो कधीपासून म्हणतोय, आता पुरे, घरी बसा. मी भीत भीत तेच सुचवलं.

मास्टरजी मशीनच्या चाकावर हात ठेवून म्हणाले, "घर में मैं अब्बा हूँ, साहब. मास्टर तो यहीं हूँ."

घरी आलो तर जेवणही जाईना. सौ. म्हणाली, "आयुष्यभर पूल बांधलेत ना? मग नुसते बसलात काय? जिना कुठे जात नाही म्हणून पाडतायत. मग जाऊ दे की कुठेतरी!"

*

बुधवार हा आमच्या मार्केटचा सुट्टीचा दिवस. त्या बुधवारी सगळी दुकानं बंद आणि सगळे दुकानदार हजर! एरवी कुणाची पाटी किती पुढे आली यावरून भांडणारी ही माणसं सकाळी सातला बांबू, पत्रे, नटबोल्ट घेऊन उभी. हार्डवेअरवाल्याने स्वतः ड्रिल धरलं. श्रीवास्तवजींनी स्टुडिओचा पडदा दिला. मी आयुष्यात पहिल्यांदा विनानकाशा बांधकाम केलं, पण खांब चारही पक्के रोवून घेतले, हलवून पाहिले. संध्याकाळी दिवे लागायच्या आत जिन्याच्या माथ्यावर स्लॅबवर एक खोली उभी होती. सहा बाय सहा, दार, कडी आणि आत भिंतीला आरसा. दारावर सौ.ने तिच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'ट्रायल रूम'.

मास्टरजींना यातलं काहीच माहीत नव्हतं. बुधवारी ते येत नाहीत. गुरुवारी आले, वर पाहिलं, चष्मा पुसला आणि परत वर पाहिलं.

तेवढ्यात बडे साहेब आले. पन्नाशीचे, गंभीर, बगलेत फाईल. शर्ट रेडीमेड असावा, खांदे दंडावर उतरलेले आणि बाह्या बोटांपर्यंत. बोलताना दर मिनिटाला पँट वर ओढत होते.

"यही ज़ीना है? रिपोर्ट में तो लिखा है कहीं नहीं जाता."

"जाता है, साहब," गुप्ताजी म्हणाले. "मास्टरजी के ट्रायल रूम तक."

साहेब अठराच्या अठरा पायऱ्या चढले. दार उघडलं, आत गेले. आम्ही खाली माना वर करून उभे. पत्र्यांना अजून दुकानाचं लेबल चिकटलेलं होतं, ते काढायचं राहून गेलं होतं! साहेब आत बराच वेळ होते. मग सावकाश खाली आले आणि थेट मास्टरजींपुढे उभे राहिले.

"यह ट्रायल रूम आपका है?"

गुप्ताजींनी डोळे मिटले. मास्टरजी खोटं बोलणाऱ्यातले नाहीत, हे आम्हा सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. या एका गोष्टीचा विचार आम्ही केलाच नव्हता.

मास्टरजी उठून उभे राहिले. "लोग कह रहे हैं, तो मेरा ही होगा, हुज़ूर. मगर अब तक उसमें किसी ने ट्रायल दिया नहीं."

साहेबांनी एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा वर पत्र्याकडे पाहिलं.

मग त्यांनी बगलेतली फाईल काढून गुप्ताजींच्या हातात दिली, पँट वर ओढली आणि मास्टरजींच्या समोर दोन्ही हात आडवे पसरून उभे राहिले.